जुना चॅनल गप्प झाला, म्हणजे बंद झाला का?

या वेळी पोलिसांच्या वायरलेसबद्दलची पत्रं एकत्र घेतलीत. पत्रं वेगवेगळ्या देशातनं आलीत पण घोळ सगळ्यांचा साधारण एकच आहे. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एक स्कॅनर (एकामागून एक चॅनल चाळत ऐकवणारा रेडिओ) घेतला होता, साधा ॲनालॉग, बाहेर बर्फ पडत असायचा आणि मी खिडकीत तो ठेवून पोलिसांचं नि फायरवाल्यांचं ऐकत बसायचो. मुलं झाल्यावर ॲटिकमधे गेला तो गेलाच. आता परत काढला तर बहुतेक चॅनल गप्प. मित्र म्हणतो सगळं डिजिटल झालं, फेकून दे. पण एफसीसीच्या (रेडिओची लायसन्स देणारं इथलं सरकारी खातं) डेटाबेसमधे त्याच फ्रीक्वेन्सी अजून लायसन्सवर दिसतायत. मग पोलीस जुन्या फ्रीक्वेन्सी वापरतात की नाही? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : फेकू नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी. तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे, आणि तो डेटाबेसही अर्धाच बरोबर आहे.

सिस्टिम बदलली म्हटलं की आपल्याला वाटतं जुना फ्रिज गेला नवा आला. वायरलेसमधे तसं क्वचितच होतं. इथे जुन्या वाड्याशेजारी नवी बिल्डिंग उभी राहते, बरेच भाडेकरू तिकडे जातात, काही वाड्यातच राहतात, एकदोन खोल्यांना नुसतं कुलूप असतं पण भाडेपावती चालू असते.

त्यातनं लोक चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतात: डिजिटल होणं, नव्या बँडवर (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर) जाणं, ट्रंकिंगवर जाणं (ते काय ते पुढे सांगतो) आणि एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय कळू नये असं कुलूप बोलण्याला लावणं. या चारही एकदम झाल्या पाहिजेत असं काही नाही. एखादं गाव आपल्या जुन्याच फ्रीक्वेन्सीवर राहून फक्त ॲनालॉगचं डिजिटल करू शकतं, मग तुमच्या स्कॅनरवर शब्द नाही येत, घर्रर्र असा मोटारबोटीसारखा आवाज येतो. म्हणजे भाडेकरू घरातच आहे, फक्त भाषा बदलली. आणि गंमत म्हणजे तुमच्या स्कॅनरमधे त्या चॅनलला जुना टोन (ठराविक बारीक सूर सोबत आला तरच आवाज सोडायची सोय) लावलेला असेल तर ती घरघरही तुमच्यापर्यंत येणार नाही, स्कॅनर आपला निवांत गप्प. म्हणून पहिलं काम काय, तर टोन काढून टाका आणि एकेका चॅनलवर थांबून दोनचार संध्याकाळी ऐका, नुसतं स्कॅनिंगला लावून देऊ नका. घरघर आली तर डिजिटल. तीन-चार दिवस काहीच नाही आलं तर बोलणं खरंच दुसरीकडे गेलंय. आणि आवाज येतोय पण बारीक येतोय असं झालं तर त्याचं कारण आणखी वेगळं आहे, ते सांगतो.

१ जानेवारी २०१३ पासून अमेरिकेत १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झमधल्या बहुतेक सगळ्या अशा वायरलेसना चॅनलची रुंदी २५ किलोहर्ट्झवरून १२.५ वर आणावी लागली. फ्रीक्वेन्सी तीच, पण सिग्नल अरुंद. तुमचा स्कॅनर जर त्याच्या आधीचा असेल आणि रुंद एफएमवर अडकलेला असेल तर तेच बोलणं त्याला हळू ऐकू येतं. खूप जणांनी तेव्हा ॲन्टेना बदलले, केबल बदलल्या, आणि गरज होती फक्त व्हॉल्यूम वाढवायची किंवा मेन्यूत नॅरो एफएम निवडायची.

आता मोठं स्थलांतर. तुमच्या राज्यात राज्यभराची एक सामाईक सिस्टिम आहे, ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवरची, पी-२५ जातीची. पी-२५ म्हणजे प्रोजेक्ट २५, पोलीस-फायरवाल्यांच्या डिजिटल रेडिओंसाठी १९८९ पासून सुरू झालेलं अमेरिकन स्टँडर्ड. त्यात ट्रंकिंग असतं, आणि ट्रंकिंग कळायला बँक आठवा. पूर्वी प्रत्येक खिडकीला वेगळी रांग होती, पासबुकवाला माणूस ड्राफ्टच्या खिडकीत उभा राहिला तर फुकट गेला. आता टोकन घ्या, जी खिडकी रिकामी होईल तिथे नंबर लागतो. इथे टोकन वाटणारा म्हणजे कंट्रोल चॅनल, तो दिवसरात्र डेटा ओकत असतो, आणि प्रत्येक वाक्यागणिक संभाषण वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर जाऊ शकतं. तुमच्या जुन्या डब्याला हे टोकन वाचता येत नाही. तेवढ्यापुरता मित्र बरोबर.

पण वाड्यात कोण राहिलं ते बघा. ऐकणाऱ्याला खरी मजा तिथेच आहे.

एक म्हणजे एकमेकांशी बोलायचे सामाईक चॅनल. न्यू जर्सीत वेगवेगळ्या गावच्या पोलिसांना एकमेकांशी बोलायला स्पेन (एसपीईएन, देश नव्हे) नावाचं जाळं आहे, त्याचा पहिला चॅनल १५४.६८०. देशपातळीवर पोलिसांसाठी १५५.४७५ आहे. कॅलिफोर्नियात याच कामासाठी १५४.९२०. हे चॅनल साधे ॲनालॉग ठेवलेत ते कुणी आळशीपणा केला म्हणून नाही. शेजारच्या गावाकडे कोणत्या कंपनीचा कोणता डिजिटल सेट आहे, त्यात कोणती किल्ली भरलीय हे ऐनवेळी कोण बघणार, साधं एफएम मात्र सगळ्यांच्या सेटला येतं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमधे पोलिसांच्या हेलिकॉप्टरला वरून टॉवरची अवस्था दिसत होती, पण तो इशारा फायरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलाच नाही, दोन खात्यांचे रेडिओच एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानंतर हे सामाईक चॅनल मोडीत काढायची भाषा कुणी सहसा करत नाही.

दुसरे फायरवाले. पोलीस नव्या सिस्टिमवर गेले तरी त्यांचा जीव जुन्यात अडकलेला असतो आणि त्याला कारण आहे. तळघरात धुरात शिरलेल्या माणसाला बाहेर उभ्या असलेल्या साथीदाराशी बोलायला दूरवरच्या टॉवरची गरजच पडू नये, म्हणून सेट-टू-सेट साधं ॲनालॉग. शिवाय सुरुवातीच्या डिजिटल सेटमधे बोलण्याचं डिजिटल करणारा जो भाग असतो तो करवत, पंप, अलार्म यांच्या आवाजात इतका गोंधळायचा की समोरच्याला माणसाचे शब्द नाही, कुणीतरी पाण्याखाली बडबडतंय असं यायचं. व्हॉलंटियर फायरवाल्यांना घरी उठवणारे पेजर तर अजून कित्येक ठिकाणी ३३ आणि ४६ मेगाहर्ट्झच्या आसपास टूंऽऽ टींऽऽ करत वाजतात. तो बँड स्कॅनरमधे आधीच आहे का बघा, रात्री दोनला तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो.

मग राखीव. नवी सिस्टिम कोसळली तर परत यायला म्हणून जुना रिपीटर (सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र) चालू ठेवतात, महिन्यातनं एकदा टेस्ट करतात, एरवी शांत. हा प्रकार सगळ्यात फसवा कारण वर्षभर ऐकलं तरी काही येत नाही आणि एका वादळाच्या रात्री अख्खं पोलीस खातं तिथे हजर होतं.

आणि खालच्या भावाला मोठ्याचा युनिफॉर्म. पोलिसांची जुनी फ्रीक्वेन्सी रस्तेवाले, बर्फ उपसणारे, स्कूल बसवाले यांच्याकडे जाते. माझ्या मते हिवाळ्यात ऐकायला पोलिसांपेक्षा बर्फवालेच भारी असतात, पण ते जाऊ दे.

राहिला तुमचा डेटाबेस. एफसीसीचं लायसन्स दहा वर्षांचं असतं, आणि गर्दीच्या भागात एकदा सोडलेली फ्रीक्वेन्सी परत मिळायची मारामार, त्यामुळे कोण कशाला आपणहून सोडेल. म्हणजे तिथे नाव असणं ही भाडेपावती झाली, खोलीत दिवा लागतो का हे तुम्हालाच खिडकीतनं बघावं लागणार.

जाता जाता एक, कधी कधी अपग्रेडच गटांगळ्या खातं. न्यूयॉर्कसारख्या शहरांत पोलीस-फायर ४७० ते ५१२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत. २०१२ साली अमेरिकन काँग्रेसने (तिकडच्या संसदेने) कायदा केला की हा पट्टा सोडा, आम्ही लिलाव करणार. आठ वर्षं ही खाती टांगणीला, नवीन यंत्रणा कुठे लावायची हेच ठरेना, आणि डिसेंबर २०२० मधे तीच तरतूद रद्द झाली. जिथे होते तिथेच. आणि हो, हडसन ओलांडून न्यूयॉर्क राज्यात गाडीतनं जाताना तो स्कॅनर बरोबर नेऊ नका. तिथे परवान्याशिवाय गाडीत पोलीस फ्रीक्वेन्सी पकडणारा रेडिओ बसवणं गुन्हा आहे, घरात ऐका काय ऐकायचं ते.

प्रश्न : आमच्याकडे क्वीन्समधे पोलिसांचं ऐकू येणं एकेक करून बंद होतंय. ते एन्क्रिप्ट झालेलं ऐकायचं एखादं सॉफ्टवेअर सुचवाल का? (एक वाचक, न्यूयॉर्क)

उत्तर : नाही. पहिली गोष्ट असं चालणारं सॉफ्टवेअर नाही, पी-२५ मधे एईएस-२५६ जातीचं एन्क्रिप्शन लावलं की किल्लीशिवाय तुमच्या हातात नुसता कचरा येतो, आणि असतं तरी सुचवलं नसतं.

पण तुमची चिडचिड समजते. न्यूयॉर्क पोलिसांनी जुलै २०२३ मधे ब्रुकलिनपासून हे सुरू केलं, एकूण खर्चाचा आकडा सांगितला गेला ३९ कोटी डॉलर. पोलिसांचं म्हणणं की चोर ऐकतात, आणि नागरिकांची नावं, जन्मतारखा, पत्ते हवेत जातात. दुसरं म्हणणं मला पटतं, खरंच कुणाच्या घरातली भांडणं अख्ख्या शहराने का ऐकावीत. कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने ऑक्टोबर २०२० मधे हेच सांगितलं होतं, पण त्यात दोन वाटा होत्या: एकतर एन्क्रिप्ट करा, नाहीतर खाजगी माहिती उघड्या चॅनलवर बोलू नका. बऱ्याच खात्यांनी पहिली उचलली कारण बटण दाबणं सोपं, सवय बदलणं अवघड. तिथल्याच पालो आल्टो शहराने २०२१ च्या सुरुवातीला सगळं बंद केलं आणि २०२२ मधे परत उघडं केलं, आकाश काही कोसळलं नाही. शिकागोने तिसरंच काढलं, अर्ध्या तासाने उशिरा ऐका. अर्ध्या तासाने ऐकून पेपरच्या फोटोग्राफरने तिकडे जाऊन झाडू मारायचा का?

आपल्याकडे उघडं ऐकायची सोय कधी नव्हतीच, पण रेकॉर्ड असणं किती महत्त्वाचं असतं ते २६/११ नंतर दिसलं. त्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमचे कॉल लॉग मागून घेतले म्हणून त्या रात्री कामा हॉस्पिटलच्या आसपास काय काय कळवलं गेलं होतं यावर निदान प्रश्न तरी विचारता आले. म्हणून मला विचाराल तर तुम्ही सॉफ्टवेअर शोधू नका, शहराच्या कौन्सिलमधल्या तुमच्या मेंबरला पत्र लिहा.

प्रश्न : ह्यांचा जुना स्कॅनर घर आवरताना सापडला, नव्वदच्या दशकातला. तेव्हा त्यावर स्लाऊच्या पोलिसांचं सगळं ऐकू यायचं, आता एकही शब्द नाही. विकला तर कुणी घेईल का? (एक वाचिका, स्लाऊ, इंग्लंड)

उत्तर : ताई, तुमच्याकडे वाडाच पाडलाय. ब्रिटनमधे पोलीस एअरवेव्ह नावाच्या टेट्रा (एक डिजिटल रेडिओ पद्धत) जाळ्यावर गेले, २००१ मधे लँकेशरपासून सुरुवात आणि २००५ पर्यंत सगळी पोलीस दलं, बँड ३८० ते ४०० मेगाहर्ट्झचा आणि पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड. जुने व्हीएचएफ चॅनल त्यांनी सोडून दिले. म्हणून मी अमेरिकेबद्दल जे वर लिहिलं ते तुम्हाला लागू करू नका, अमेरिकेत हजारो स्वतंत्र खाती प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे बदलतात, तुमच्याकडे वरून एक निर्णय आला आणि सगळे गेले. त्यातही आगीच्या ठिकाणी फायरवाल्यांचे हातातले सेट बरीच वर्षं साध्या यूएचएफ ॲनालॉगवर राहिले, कारण वर सांगितलंय तेच, तळघर.

आता एअरवेव्हच जुनं झालंय, त्याच्या जागी फोरजीवर चालणारं नवं जाळं २०१९ पर्यंत येणार होतं, अजून यायचंय, आपल्याकडच्या मेट्रोच्या तारखांसारखं.

विकायचं तर विमानाचं ऐकणारे, हॅमवाले (लायसन्स काढून हौसेने वायरलेसवर बोलणारे) असे शौकीन घेतात. पण हे पण सांगतो की तुमच्या कायद्यात स्कॅनर बाळगायला हरकत नाही, आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकायला मात्र आहे, आणि ती तेव्हाही होती. ह्यांना सांगू नका हवं तर.

प्रश्न : सर मी साताऱ्यात इंजिनिअरिंग करतो. दोन-अडीच हजाराचा यूएसबी एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावून रेडिओ ऐकायचा) घ्यायचा विचार आहे. पोलीस डिजिटल होतायत असं ऐकलं, पण जुन्या व्हीएचएफवर अजून असतील ना? फक्त ऐकणारच आहे, बोलणार नाही. (एक विद्यार्थी)

उत्तर : अरे बाबा, "फक्त ऐकणारच आहे" हेच तर चालत नाही. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपली पोरं फसतात. तिकडे घरात बसून उघडं चालू असलेलं पोलिसांचं ऐकणं साधारण चालतं, आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच लायसन्सशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय, त्यातलं कलम ४२ जून २०२४ पासून लागू आहे, बेकायदा संदेश पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजाराच्या डोंगलला दोन कोटी, हिशोब कर.

तुझ्या मूळ प्रश्नाला उत्तर एवढंच की आपल्याकडेही एका रात्रीत कुणी बदलत नाही. पोलिसांच्या वायरलेसचा संसार जुना आहे, केंद्रात त्यासाठीचं संचालनालय १९४६ पासून आहे, राज्याच्या बिनतारी संदेश विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि हजारो सेट, गाड्या, चौक्या, डोंगरावरचे रिपीटर एकदम मोडीत काढायला पैसा आणि हिंमत दोन्ही लागतं. विसर्जनाला लक्ष्मी रोडला उभा राहा, सगळ्यांचे मोबाईल मान टाकतात आणि हवालदाराच्या खांद्यावरचा सेट मात्र बोलत असतो. कुठल्या फ्रीक्वेन्सीवर ते मी लिहिणार नाही आणि तू पण शोधू नकोस.

शौक असेल तर सरळ मार्गाने ये ना. हॅमचं लायसन्स काढ, परीक्षा अवघड नाही, रिस्ट्रिक्टेड ग्रेड आधी दे मग जनरल. लायसन्स मिळालं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० वर अंतराळवीर शाळेतल्या पोरांशी बोलतात ते ऐक, कधी कधी तिथनं चित्रंही पाठवतात, आवाजातनं चित्र उलगडताना बघणं हे पोलिसांच्या "पोझिशन काय, ओव्हर" पेक्षा शंभर पट भारी आहे. आणि मित्रांबरोबर ट्रेकला वॉकीटॉकी हवा असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे, मान्यता असलेले सेट लायसन्सशिवाय चालतात. ऑनलाइन दिसेल तो घेऊ नकोस, मे २०२५ मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मना १३ नोटिसा काढल्या होत्या त्या याच कारणाने.

प्रश्न : आजोबांचा गल्फहून आणलेला जपानी रेडिओ आहे, त्यावर एएम, एफएम, शॉर्टवेव्हबरोबर 'पीबी' असं बटण आहे. आजोबा म्हणायचे तो पोलिसांचा बँड. खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आजोबा बरोबर. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मल्टिबँड सेटवर तो असायचा, अमेरिकन गिऱ्हाईक डोळ्यापुढे ठेवून बनवलेले सेट होते ते. वर साताऱ्याच्या पोराला जे सांगितलं ते तुम्हालाही लागू, त्यामुळे ते बटण दाबायचं नाही.

पण त्या बटणामागची गोष्ट मजेची आहे. डेट्रॉईट पोलिसांनी १९२२ मधे केओपी नावाचं स्टेशन काढलं तेव्हा सरकारने त्यांना लायसन्स दिलं ते करमणुकीच्या स्टेशनचं, म्हणून चोरीला गेलेल्या गाड्यांच्या नंबरांच्या मधे मधे बिचारे गाणी लावायचे. ७ एप्रिल १९२८ पासून गाड्यांमधली रेडिओ सेवा नियमित सुरू झाली, तीही एकतर्फी, पोलिसांना फक्त ऐकू यायचं, उत्तर द्यायचं तर उतरून फोन गाठायचा. दोन्हीकडून बोलणं न्यू जर्सीतल्या बेयॉनला १९३३ मधे जमलं, म्हणजे एडिसनच्या आपल्या वाचकापासून तासाभराच्या अंतरावर. तेव्हा बऱ्याच ठिकाणी पोलिसांचं एकतर्फी प्रसारण मीडियम वेव्हच्या जरा वरती, १६००-१७०० किलोहर्ट्झच्या आसपास चालायचं, घरातल्या रेडिओच्या काट्यावर 'पोलीस' असं छापलेलं असायचं आणि लोक जेवण झाल्यावर ऐकत बसायचे. पोलीस पुढे वरच्या बँडवर गेले, आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेने मीडियम वेव्ह १७०० पर्यंत वाढवला तेव्हा त्याच जागी रेडिओ स्टेशनं आली. म्हणजे केओपीवाल्यांना नाइलाजाने लावावी लागली होती ती गाणी आता तिथे हौसेने वाजतात.

तुमच्या रेडिओतले सेल आधी काढा, फुटून आत पाझरले तर सर्किट खातात.